पावणेपंधरा किलो हवा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने फटफटी बाळगावी हे आमच्या महाविद्यालयात पुष्कळांना रुचत नाही. त्याने बसने यावे, बसमध्ये विसरण्यापुरती एक छत्री जवळ ठेवावी आणि श्रावण आला की थोडेसे हळवे व्हावे, एवढी माफक अपेक्षा असते. फिजिक्सच्या प्राध्यापकांनी काहीही चालवावे, त्यांना कोणी विचारीत नाही. मी मात्र बुलेटवरून फाटकात शिरलो की पहारेकरीसुद्धा 'हे वृत्तात बसत नाही' अशा नजरेने माझ्याकडे पाहतो.

खरे सांगायचे तर बुलेट माझी नव्हेच. कागदोपत्री ती अजून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची आहे. अण्णांची सारी नोकरी नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली. ज्या छापखान्यात एक कागद कमी भरला तर माणसे घरी जाऊ शकत नाहीत, तिथे जन्म काढलेला माणूस. १९९२ साली त्यांनी ही ३५० सीसीची बुलेट घेतली आणि त्या दिवसापासून एक वही घातली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक वेळा 'ठीक' एवढेच असे. माझ्या मुंजीच्या दिवशीही त्या वहीत नोंद आहे, आणि तीसुद्धा 'ठीक' अशीच आहे. ती मुंजीविषयी की गाडीविषयी हे मी अजून विचारलेले नाही.

बुलेटचे घराणे मूळचे इंग्लंडातले. १९५४ साली आपल्या लष्कराने सीमेवर गस्त घालण्यासाठी आठशे गाड्या मागवल्या, आणि पुढच्याच वर्षी मद्रासला त्यांची जुळणी सुरू झाली. इंग्लंडातल्या मूळ कंपनीने पुढे राम म्हटला, पण मद्रासची शाखा मात्र धडधडत राहिली. या जुन्या ओतीव लोखंडाच्या इंजिनाची घडण अगदी सोपी आहे. ७० मिलिमीटर व्यासाचे एकच सिलिंडर आणि त्यात ९० मिलिमीटर वरखाली करणारा दट्ट्या. गुणाकार केलात तर ३४६ सीसी येतात. एकच सिलिंडर आणि जड चाक, म्हणून तो ओळखीचा ठोका. आमच्या आळीत पूर्वी अण्णा कोपऱ्यावर आले की आई चहाचे आधण ठेवी, आणि अण्णा बूट काढीपर्यंत कप पुढे येई. घड्याळापेक्षा त्या ठोक्यावर आमच्या घराचा अधिक विश्वास होता.

तीस वर्षांत हा ठोका थकला. गाडी निळा धूर सोडू लागली. महिन्याला जितके ऑइल सांडत नसे तितके ती पिऊ लागली. शेजारच्या काकूंनी एकदा अत्यंत निरागसपणे विचारले, "डासांची फवारणी करणारी गाडी दर सोमवारीच येते का हो?" त्यानंतर निर्णय घेणे भाग होते. अण्णांना आता ऐंशीच्या घरात गाडी झेपत नाही. पण ती विकायची नाही आणि तिला हातही लावायचा नाही, असे त्यांचे दुहेरी धोरण होते. शेवटी मी वहीच पुढे ठेवली. गेल्या दोन वर्षांत शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, एकदाही 'ठीक' आलेले नव्हते. अण्णांनी चष्मा पुसून चार पाने चाळली आणि म्हणाले, "कर. पण मोजून कर."

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिन उतरवले. सिलिंडर बोअर करायला सातपूरला पाठवले. घरी हे सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते काम तर तुम्ही रोज वर्गात करता." असो. घासलेल्या सिलिंडरचा व्यास एका मिलिमीटरने वाढवून त्यात नव्या मापाचा, किंचित उंच माथ्याचा दट्ट्या बसवला. उंच माथ्यामुळे वायू अधिक दाबला जातो, म्हणजे त्याच पेट्रोलात जोर अधिक. हवा आत येण्याची वाट आतून खडबडीत होती, ती घासून गुळगुळीत केली. आणि जुन्या कार्ब्युरेटरची स्लाइड इतक्या वर्षांत घासून सैल झाली होती, म्हणून २४ मिलिमीटर घशाच्या त्या कार्ब्युरेटरऐवजी २८ चा, एका सुट्या भागांच्या दुकानात पडून असलेला पण न वापरलेला, घेतला. एवढे करून आकडेवारीत फक्त दहा सीसी वाढले. पण शरीरात दहा सीसी वाढणे आणि श्वास मोकळा होणे यात फरक आहे.

आता कार्ब्युरेटर. हा शब्द मी आमच्या गॅरेजमध्ये पूर्ण उच्चारलेला कधीच ऐकला नाही. तिथे तो 'कार्बेटर' असतो, आणि मला विचाराल तर हेच रूप मराठीच्या अंगाला अधिक बसते. गॅरेजची मराठी हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. स्क्रू फिरवायच्या हत्याराला तिथे 'डिसमिस' म्हणतात. पहिल्यांदा उस्तादाने पोराला ओरडून "डिसमिस!" म्हटले तेव्हा बिचाऱ्याची नोकरी गेली असे मला वाटले होते. इंजिन नुसते चालू राहते त्या संथ गतीला 'स्लो' म्हणतात, आणि "सरांचा स्लो लावून दे" हे वाक्य माझ्यासमोर इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्यात आता मला अपमान वाटत नाही.

या कार्बेटरचे काम एकच: हवेत पेट्रोल मिसळणे. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ हवेबरोबर जळते. आणि किती हवा लागते म्हणता? एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा! लिटरमध्ये सांगायचे तर नाशिकच्या हवेत एक लिटर पेट्रोलला नऊ-दहा हजार लिटर. आपण पंपावर पैसे देतो पेट्रोलचे. गाडी चालते बहुतांशी हवेवर, आणि ती फुकट मिळते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

ही मिसळण करायला कार्बेटरमध्ये पंप नाही, पंखा नाही, काही नाही. तुम्ही आमच्या सराफ बाजाराच्या जुन्या बोळांतून संध्याकाळी गेला असाल. गोदावरीकडून येणारा वारा मोकळ्या घाटावर साधाच असतो. दोन वाड्यांच्या चिंचोळ्या फटीत शिरला की धोतर सावरावे लागते. जागा आवळली की वारा वेग घेतो, आणि वेग घेतला की त्याचा दाब उतरतो. डॅनियल बर्नुलीने हे १७३८ साली पुस्तकात मांडले आणि व्हेंच्युरी नावाच्या इटालियन गृहस्थाने १७९७ साली आवळलेल्या नळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बेटरचा घसा म्हणजे असा एक आवळलेला बोळ. त्याच्या खाली वाटीत पेट्रोल. घशातला दाब उतरला की वाटीतले पेट्रोल बारीक भोकातून वर चढते आणि अत्तराच्या फवाऱ्यासारखे वाऱ्यात उडून जाते. त्या बारीक भोकाला म्हणायचे 'जेट'.

इंजिन सुधारले की पहिली पंचाईत होते ती इथे. घसा २४ चा २८ झाला. बोळाची गल्ली झाली. तेवढ्याच हवेला जागा मोठी मिळाल्याने तिचा वेग कमी, ओढ कमी, आणि पेट्रोल कमी. म्हणजे मोठा कार्बेटर लावला की पेट्रोल आपोआप जास्त जाते हा समज चुकीचा आहे. जेट तेच ठेवले तर उलट उपासमार होते. शिवाय पेट्रोलही आता १९९२ चे राहिलेले नाही. आज पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. उसापासून, धान्यापासून केलेले अल्कोहोल. त्याच्या रेणूत प्राणवायू असतोच, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी पुरते. हिशेब पावणेपंधराचा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या मापाचे जेट नव्या पेट्रोलला जरा तोकडेच पडते. उंच माथ्याचा दट्ट्या, मोठा घसा, मोकळी वाट, बदललेले पेट्रोल. चार कारणे, आणि चारही एकाच दिशेला ओढणारी. अण्णांना हे समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुझा पगार वाढला की खर्च वाढतो, तसं." मी मुकाट्याने मान हलवली.

प्रमाण चुकले तर काय होते, ते दिवाळीच्या तोंडावर समजावून द्यायला चकलीइतके चांगले साधन नाही. भाजणीत मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते; कमी झाले तर दगड होते. पेट्रोल जास्त झाले तर गाडी काळा धूर ओकते, प्लगवर काजळी धरते, पेट्रोल पिते, पण जीव घेत नाही. पेट्रोल कमी झाले तर गाडी सुरुवातीला उलट छान, हलकी, चपळ वाटते. ज्वाला मात्र अवेळी आणि अति तापते, आणि असे चालवीत राहिले तर दट्ट्याचा माथा वितळतो किंवा तो सिलिंडरमध्ये धरून बसतो. तीही भर रस्त्यात, चाक जाम. म्हणून काजळीला भिऊ नये, चपळाईला भ्यावे, असे आमचे मिस्त्री सांगतात.

मिस्त्रींविषयी सांगायलाच हवे. द्वारकेकडून वडाळा नाक्याकडे जाताना एक पत्र्याची शेड आहे. पाटी कधीच पडली, पण पत्ता विचारावा लागत नाही. वय अडुसष्ट. शिक्षण चौथी. नाशिकमधल्या जुन्या बुलेट त्यांच्या हाताखालून गेल्या नाहीत असे क्वचितच. गाडी शंभर पावलांवर असताना ते हातातले काम न थांबवता सांगत, "टॅपेट ढिला आहे," आणि तो असायचाच. माझ्या लहानपणी डिसमिसचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत. डॉक्टरांच्या नळीपेक्षा मला त्याचा दरारा अधिक वाटे.

कार्बेटर जुळवायला मी दोन दिवस त्यांच्या शेडमध्ये बसलो. नवा असला तरी तो कित्येक वर्षे फळीवर पडलेला होता. आतली रबरे सुकून कडक झाली होती, आणि नाहीतरी जुनी रबरे इथेनॉलला टिकत नाहीत. त्यामुळे सारा उघडून नव्या सामानाने बांधायचा होता. मिस्त्रींनी आधी स्वच्छ फडके अंथरले. त्यावर एकेक भाग काढून ठेवला, आणि काढला त्याच क्रमाने. वाटी, वाटीतला तरंगता फ्लोट, त्याची टाचणीएवढी सुई, स्लोचे जेट, मोठे जेट, लांब निमुळती पिन, पिनच्या डोक्यावरची नखाएवढी क्लिप, आणि स्लाइड. जेटच्या भोकात तार घालायची नाही, हा तिथला पहिला नियम. पितळ मऊ असते; तारेने भोक केसभर मोठे झाले तरी वर छापलेला आकडा खोटा ठरतो. पेट्रोलने धुवायचे, हवा मारायची आणि उजेडाकडे धरून पाहायचे. मिस्त्री जेट डोळ्याशी धरून पाहतात तेव्हा एखादा सराफ हिरा पाहतो आहे असे वाटते. फक्त सराफाची नखे स्वच्छ असतात.

वाटीतल्या पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. संडासातल्या टाकीचा तरंगता गोळा पाणी बंद करतो ना, तीच विद्या. फ्लोटची बारीकशी पितळी जीभ असते; ती अंगठ्याने जराशी वाकवायची. इतकी थोडी, की वाकली हे पाहणाऱ्याला कळू नये. पातळी चुकली तर पुढची सारी जेटे चुकतात. मिस्त्रींनी हे सहा वेळा केले. सहा वेळा वाटी लावली, नळीने पातळी पाहिली, पुन्हा काढली. मी विचारले, "एवढं?" तर म्हणाले, "सर, पाया आहे."

मग गाडीवर बसवून जुळवणी. यालाही क्रम आहे. मूठ बंद किंवा जेमतेम उघडी असते तेव्हा राज्य स्लोच्या जेटचे आणि बाजूच्या हवेच्या स्क्रूचे. पाव ते पाऊण मुठीपर्यंत पिनचे. ती निमुळती असल्याने वर उचलली की भोवतालची फट वाढते. तिच्या डोक्यावर पाच खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की पिन उंच बसते आणि पेट्रोल वाढते. त्यापुढे, मूठ पुरती उघडली की मोठ्या जेटचे राज्य. शहरात आपण नव्वद टक्के वेळ पिनच्याच राज्यात असतो, पण कोणाही तज्ज्ञ पोराला विचारा, तो मोठ्या जेटविषयीच बोलेल. मोठ्या पदांविषयी बोलणे सगळीकडेच सोपे असते.

स्लो लावताना मी मिस्त्रींना पाहत होतो. ॲमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर दाबून त्यांनी किक मारली. गाडी तापू दिली. मग हवेचा स्क्रू पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर घेतला आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने इकडेतिकडे. डावा तळवा टाकीवर पसरलेला. डोळे मिटलेले. ठोके जुळत जुळत एका जागी असे बसले की शेडमधली पोरेसुद्धा थांबली. तो आमच्या आळीतला, चहाच्या आधणाचा ठोका होता. मला भरून आले हे कबूल करतो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. डिसमिसचे टोक त्यांनी इंजिनाला लावले होते खरे, पण मूठ कानाशी नव्हती. ती त्यांनी दातांत धरली होती. पोरांना वाटत होते ही उस्तादांची लकब आहे.

पुढे त्यांनी पिनची क्लिप मधल्या खाचेत घातली, मोठे जेट ११० चे ठेवले, शेडसमोर चार वेळा रेस दिली आणि म्हणाले, "घेऊन जा. पाचशे किलोमीटर सांभाळून. मग या."

पाचशे किलोमीटर मी बैलगाडीच्या संयमाने केले. त्यानंतर एका रविवारी पत्नीला मागे बसवून सप्तशृंगीला निघालो. नवरात्रात गडावर खाजगी गाड्या नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही आधीच जातो. नांदुरीपर्यंत गाडी अशी गेली की मला आपले वय विसरायला झाले. चपळ, हलकी. मिस्त्रींचे वाक्य तेव्हाच आठवायला हरकत नव्हती. घाट लागला, गियर तिसरा, मूठ अर्धी, आणि मागून पत्नी म्हणाली, "अहो, बांगड्या कोणाच्या वाजतायत?"

मला काही ऐकू येत नव्हते. हेल्मेट, वारा आणि ठोका. पण आमच्या घरात कानाचा अधिकार तिचा आहे. ती गाणे शिकली आहे, संध्याकाळी मुली शिकायला येतात, आणि तिच्या आईकडून आलेला मिरजेचा तंबोरा जवारीत जरासा जरी उतरला तरी ती स्वयंपाकघरातून ओरडते. "काचेच्या बांगड्या," ती म्हणाली, "बारीक, भराभर. चढ आला की वाजतात, उतार आला की थांबतात." मी मूठ सोडली. थांबल्या. पुन्हा दिली. "वाजल्या."

इंजिनवाले याला नॉकिंग म्हणतात. ठिणगीने पेटलेली ज्वाला पसरायच्या आधीच उरलेले मिश्रण स्वतःहून फुटते आणि सिलिंडरच्या भिंती उंच पट्टीत खणखणतात. इथेनॉल खरे तर हे सोसते. पण मिश्रणच भुकेले असेल तर ते तरी काय करणार? आम्ही गाडी बाजूला घेतली, इंजिन निवू दिले, आणि हलक्या हाताने वर जाऊन हलक्या हाताने परत आलो. देवीपुढे मी काय मागितले ते सांगत नाही. तोंडाने आरती चालू होती.

प्रश्न गाडीचा नव्हताच. टायमिंग बरोबर होते, पातळी बरोबर होती. पिन एक खाच वर आणि जेट दोन आकडे मोठे, एवढेच काम. कोणीही पोराने अर्ध्या तासात केले असते. प्रश्न असा होता की मिस्त्रींना ती टकटक ऐकू आली नव्हती. शेडसमोर रेस देताना ती थोडी तरी आली असणार. पन्नास वर्षे इंजिनांच्या शेजारी काढलेल्या माणसाचा कान आधी उंच पट्टीत जातो. खालची पट्टी पुष्कळ काळ शाबूत राहते. ठोका त्यांना तळव्याने कळतो, दातांनी कळतो. बांगड्या कळत नाहीत. आणि कार्बेटरच्या धंद्यात बांगड्या कळणे म्हणजेच धंदा. ते हे जाणून होते का? डिसमिस दातांत धरणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

नव्या गाड्यांना या कानांची गरज उरलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बेटर जवळजवळ गेला. आता सेन्सर हवा मोजतो, एक छोटा संगणक पेट्रोल मोजतो आणि इंजेक्टर ते फवारतो. नाशिककरांना इंजेक्टरचे नवल नसावे. सातपूरला मायकोचा, आजच्या बॉशचा, कारखाना डिझेलच्या इंजिनांसाठी नोझल आणि इंजेक्टर करत आला आहे, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप तिथे मायक्रॉनच्या हिशेबात बोलत मोठे झाले आहेत. इंजेक्शनची गाडी अधिक स्वच्छ चालते, कमी पेट्रोल पिते, घाटात स्वतःच जुळवून घेते. मला त्याविषयी काडीचीही तक्रार नाही. माझ्या मुलाने अशीच गाडी घ्यावी. पण मिस्त्रींकडे ती घेऊन गेलात तर ते हसून म्हणतात, "हिला मी काय विचारू? ही मशिनीशी बोलती."

म्हणून त्यांना काय सांगावे, यावर आमच्या घरी दोन रात्री चर्चा झाली. मुलगा म्हणाला, सरळ सांगा. पत्नी म्हणाली, "तुमच्या शब्दांपेक्षा प्लग न्या." हे मला सुचायला हवे होते, कारण प्लग वाचता येतो. भरधाव असताना इंजिन एकदम बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवायची आणि प्लग काढून पाहायचा. चिनी मातीचा भाग बिस्किटी रंगाचा असेल तर प्रमाण बरोबर. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त. मी त्र्यंबक रस्त्याला पहाटे गेलो. महिरावणीच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळतो. समोर अंजनेरी. मारुतीचा जन्म तिथला म्हणतात, म्हणजे वायुपुत्राचा. हवेचा कौल घ्यायला याहून अधिकारी ठिकाण कुठले असणार! प्लग काढला. पांढरा, आणि त्यावर मिरीच्या पुडीएवढे करडे ठिपके. ते दट्ट्याचे कण होते.

मी प्लग रुमालात गुंडाळून मिस्त्रींच्या हातावर ठेवला. काही बोललो नाही. त्यांनी तो उजेडाकडे धरला, जेट पाहतात तसा. बराच वेळ. मग पोराला चहा आणायला पाठवले, दुसऱ्याला नळाखाली फ्लोट धुवायला, तिसऱ्याला असाच कुठेतरी. शेड रिकामी झाल्यावर विचारले, "कोणी ऐकलं?"

"घरी," मी म्हणालो. "मागे बसली होती."

"कुठं?"

"घाटात. अर्ध्या मुठीला. बांगड्यांसारखं म्हणाली."

त्यांनी मान हलवली. "बांगड्याच. बरोबर बोलल्या." आणि मग, प्लगकडे पाहतच, "तीन वर्षं झाली सर मला ऐकून." एवढेच. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. अण्णा वहीत नोंद करतात तसे वाक्य होते. मी काहीतरी बोलायला गेलो, डॉक्टर, यंत्र वगैरे. ते म्हणाले, मुलाने यंत्र आणून दिले आहे, घरी टीव्हीसाठी लावतो. शेडमध्ये लावले तर सगळेच आवाज एकदम अंगावर येतात. ग्राइंडर, ट्रक, पोरांची भांडणे. "त्यात गाडी सापडत नाही." 

त्यांनी क्लिप एक खाच खाली घेतली, १२० चे जेट घातले, हवेच्या स्क्रूला पाव फेरा दिला. मग हात पुसत म्हणाले, "वहिनींना रविवारी वेळ असेल का?"

रविवारी आम्ही म्हसरूळकडून दिंडोरी रस्त्याला लागलो. पुढे मी, मागे पत्नी, आणि शेजारून पोराच्या स्कूटरवर मागे बसलेले मिस्त्री. चढ आला की ते तिच्याकडे पाहत. ती हाताने नाही अशी खूण करी. एकदा तिने करंगळी आणि अंगठा जवळ आणून 'जरासे' अशी खूण केली. गाडी तिथेच झाडाखाली घेतली, मिस्त्रींनी खिशातून १२५ चे जेट काढले. रस्त्याच्या कडेला फडके अंथरले गेले, तोच क्रम, तीच वाटी. त्यांनी तिला विचारले, "आवाज कसा होता? आधी बारीक आणि मग जाड, का एकदम जाड?" ती म्हणाली, "एकदम. आणि षड्जाच्या खूप वर." मिस्त्रींना षड्ज माहीत नव्हता आणि तिला जेट माहीत नव्हते. पण त्यांचे पाच मिनिटे असे काही जमले की मी आणि तो पोरगा बाजूला उसाचा रस पीत उभे राहिलो. आम्हाला त्या संभाषणात जागा नव्हती.

त्यानंतर बांगड्या वाजल्या नाहीत. प्लग बिस्किटी आला. अण्णांनी तो नव्या घड्याळासारखा हातात फिरवून पाहिला, लिटरला किती जाते ते विचारले, ३१ सांगितल्यावर "पूर्वी ३५ जायची" असे म्हणाले, आणि वही मागितली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी बरेच काही लिहिले. मला वाचू दिले नाही.

मिस्त्रींकडे हल्ली कार्बेटरचे काम आले की ते दुपारी फोन करतात. पलीकडून ग्राइंडरचा आवाज, पोरांचा गलका, आणि त्या सगळ्यावर त्यांचा चढा स्वर, कारण त्यांना माझे उत्तर ऐकू येत नाही: "सर, एक जावा आली आहे, जुनी! वहिनींचा क्लास किती वाजता सुटतो?"